गाडी सोडायची नाही

चैत्र सरत आला की सांगलीतला वारा बदलतो. नदीकडून येणारी ओलसर झुळूक थांबते आणि अकरा वाजल्यापासून पूर्वेचा, जत-आटपाडीकडचा कोरडा वारा सुटतो. दोरीवरची साडी दहा मिनिटांत वाळते आणि घडी घालताना कागदासारखी वाजते. शेजारची सून गॅलरीतून सांगते, "काकू, खिडक्या लावून घ्या, झळा येतात." मी बरं म्हणते आणि खिडकी उघडीच ठेवते. त्या वाऱ्याबरोबर मला एक वास येतो. तापलेल्या ताडपत्रीचा, रॉकेलचा, ओल्या गोणपाटाचा. आसपास कुठं ताडपत्री नसते, गोणपाटही नसतं. वास मात्र दरवर्षी येतो, आणि मी हातातलं काम ठेवून थोडा वेळ नुसती उभी राहते.

त्या उन्हाळ्याला पन्नास वर्षं होत आली. आणीबाणी लागली त्याच्या दोनेक महिने आधीची गोष्ट. इतक्या वर्षांत मी तो उन्हाळा कुणाला सलग सांगितलेला नाही. तुकड्यातुकड्यानं आठवतो आणि तसाच सोसवतो. यंदा मात्र सगळा सांगून टाकावा असं वाटतंय.

मी माणदेशातली, दहिवडीच्या पुढची. आमच्याकडं पाणी हा शब्दसुद्धा लोक जपून बोलतात. बहात्तरच्या दुष्काळात माझी मॅट्रिक झाली होती आणि मी आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडत होते. दोन वर्षांनी सांगलीचं स्थळ आलं तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली. "कृष्णाकाठी दिली गं लेक. आता तुला पान्याची ददात न्हाई," म्हणाली. लग्नानंतर सहा महिन्यांत मी राहायला गेले ती थेट वाळवंटात.

माझे पती जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या सरकारी खात्यात होते. उंच, शांत माणूस. दगड हातात घेतला की त्याच्याशी बोलल्यासारखे बघत राहायचे. दिवाळी झाली की मे अखेरपर्यंत त्यांचा मुक्काम जैसलमेरच्या पलीकडं. इतर साहेबांच्या बायका जोधपूरला क्वार्टरमध्ये राहायच्या. मी म्हटलं, मी तंबूतच राहीन. जोधपूरला एकटी बसून काय करू? हे हसले. "तिथं तर जास्त एकटी पडशील." मला ते पटलं नाही. आपलं माणूस जवळ असलं की एकटं कसं पडेल, असं त्या वयात वाटायचं.

मुक्कामावर जीप थांबली तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाले, "वैनी, तुमी मानच्या न्हवं? आमी विट्याकडचं. मजी शेजारीच की." त्यांचं नाव तातोबा. चाळिशी ओलांडलेले, मिशा पिकू लागलेल्या. पलटणीत पंधरा वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी याच वाळूत. पेन्शनीत आल्यावर खात्यानं रोजंदारीवर घेतलं होतं. मी त्यांना भाऊ म्हणायला लागले.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला सगळा तळ फिरून दाखवला, नव्या सुनेला घर दाखवावं तसा. तंबूचं तोंड वाऱ्याकडं करायचं नाही. खोलगट जागा कितीही आडोशाची वाटली तरी तिथं राहुटी टाकायची नाही. लांब कुठं सर पडली तरी पाणी तिथूनच धावतं, आणि वारं सुटलं तर वाळूही तिथंच साचते. नुसती खुंटी वाळूत धरत नाही, म्हणून पोत्यात वाळू भरून ते पुरायचं आणि त्याला दोर बांधायचा. चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही.

"हितं फुरसं हाय, वैनी. वाळूच्या रंगाचं. दिसतच न्हाई. आन पानी घोट घोट पीत ऱ्हायचं. तहान लागायची वाट बघायची न्हाई. पानी राखून राखून मानूस मरतंय हितं. भांड्यातल्या पान्याचा उपेग न्हाई, प्वाटातल्या पान्याचा हाय."

मग जीपच्या बॉनेटवर हात ठेवून त्यांनी शेवटचं सांगितलं. "आन गाडी बंद पडली तर गाडी सोडायची न्हाई. कायबी हुंदे. ह्या वाळूत मानूस लांबनं दिसत न्हाई, गाडी दिसती. सावलीला बसायचं, टायर जाळून धूर करायचा आन वाट बघायची. वाट बघाय लय अवघड जातंय. पर बघायची."

हे खुर्चीत बसून बूट काढत होते. "तातोबा, तुमचं हे पुराण मला पाठ झालंय."

"पाठ हाय ते बरंच हाय, सायब," तातोबा म्हणाले.

तंबूच्या दाराशी शाळेतली एक दगडी पाटी टांगलेली असे. गाडी निघताना तिच्यावर लिहायचं: कुठं, कुठल्या वाटेनं, माणसं किती, पाणी किती, परत कधी. ते काम माझ्याकडं आलं. यांचं नाव लिहायची मला लाज वाटायची, म्हणून मी 'साहेब' लिहायची आणि हे पाटी वाचून हसत सुटायचे.

तळावर चार तंबू होते. खोदाईचं यंत्र आणि त्यावरची माणसं लांब, दुसऱ्या जागी. राखणीला हमीरजी नावाचे म्हातारे. जवळच्या ढाणीतले, ढाणी म्हणजे पाच-सहा झोपड्यांची वस्ती. त्यांचे दोन उंट तळावरच बांधलेले. त्यांची मारवाडी मला निम्मी कळायची, माझं हिंदी त्यांना निम्मं. मी हातावर बाजरीची भाकरी थापताना ते पहिल्यांदा बघत उभे राहिले आणि मान डोलवून म्हणाले, "यह तो हमारी ही है." त्यांच्या बायकोनं मग मला कैरसांगरीची, तिथल्या वाळवलेल्या शेंगा-फळांची, भाजी पाठवली. मी तिला शेंगदाण्याची चटणी दिली. एवढी आमची देवाणघेवाण, आणि तेवढ्यावर आठवडा जायचा.

हिवाळा सुखात गेला. सकाळी घागरीच्या तोंडावर बर्फाची साय धरायची. दुपारी ऊन अंगावर घ्यावंसं वाटायचं. हे चारच्या सुमारास यायचे, आणि आम्ही टेकाडावर बसून चहा प्यायचो. वाऱ्यानं वाळूवर ओढलेल्या रेघा ते मला वाचून दाखवायचे. वारा कुठून आला, किती दिवस टिकला, इथून कोण गेलं. किड्याच्या पावलांची नक्षी, पुढं सापाची तिरकी रेघ, आणि तिथंच किड्याची नक्षी संपलेली. "बघ, सगळं लिहून ठेवतं हे," ते म्हणायचे, "आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकतं."

फाल्गुनानंतर सगळं बदललं. उन्हाच्या आधी पोचायचं म्हणून गाडी पहाटे निघायची, आणि कामं लांबची असल्यानं यायला दिवस मावळायचा. नऊ वाजता तंबूत शिरलं की पाचपर्यंत बाहेर पडायची सोय नाही. ओलं गोणपाट दारावर सोडायचं, ते वाळलं की पुन्हा भिजवायचं. भिजवायला पाणीही हिशेबातलं, म्हणून भांडी धुतलेलं वापरायचं. बाजेवर पडून मी ताडपत्रीचा आवाज ऐकायची. वारा असला की ती फडफडायची, नसला की इतकं गप्प व्हायचं की माझ्या कानातलं रक्त मला ऐकू यायचं. मळणीचं यंत्र दिवसभर चालून एकदम बंद पडावं, तसं. फक्त ती शांतता संपायची नाही.

मी मोठ्यानं बोलायला लागले. आधी पाढे म्हणायची, मग ओव्या, मग नुसतीच गावातल्या माणसांची नावं घ्यायची. घराच्या क्रमानं, वेशीपासून देवळापर्यंत. एकदा मध्येच माझा आवाज मलाच परका वाटला आणि मी घाबरून गप्प झाले. पत्र पंधरा दिवसांनी यायचं. आईचं पत्र मास्तरांकडून लिहून घेतलेलं, त्यात आईचं काहीच नसायचं. पाचनंतर मी टेकाडावर जाऊन बसायची. जीप येणार असली की क्षितिजावर आधी धुळीचा एक लहानसा झुपका दिसायचा आणि पाऊण तासानं गाडी. तो झुपका दिसेपर्यंतचा वेळ मला आजही मोजता येत नाही.

आताही मी एकटीच राहते. पण इथं सकाळी दुधाची पिशवी येते, खालचा इस्त्रीवाला कुणाशी तरी भांडतो, जिन्यात चप्पल वाजते. माणूस कुणाशी बोलत नसला तरी लोकांच्या आवाजात असतो. तिथं मला कळलं की आपण ज्याला एकटेपणा म्हणतो त्याच्याही पलीकडं काहीतरी आहे, आणि तिथं गेलेलं माणूस शहाण्यासारखं वागत नाही.

एप्रिल संपत आला होता. बाकीचे साहेब जोधपूरला परतले होते. यांची एक शेवटची विहीर बघायची राहिली होती, पश्चिमेला अकरा मैलांवर, एका उठून गेलेल्या ढाणीतली. त्या सकाळी मी पाटी हातात घेतली आणि मला लिहिता येईना. यांनी विचारलं, काय झालं? मी रडले. म्हटलं, "आज चारच्या आत या. कसंही करून या. आजची संध्याकाळ एकटीनं माझ्याच्यानं निघणार नाही."

यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "येतो. चारच्या आत. शब्द देतो."

मग त्यांनी खडू घेऊन स्वतःच पाटीवर लिहिलं. पश्चिम, जुनी विहीर, दोन माणसं, पाण्याच्या दोन छागला आणि एक डबा. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. जीपच्या पुढं टांगली की वाऱ्यानं पाणी गार राहतं. तातोबा दहा पावलांवर त्या छागलाच भरत होते.

चार वाजले. साडेपाचला पश्चिमेकडून वाळूची भिंत उठली. तिथं तिला आंधी म्हणतात. तंबूचे दोर ताणले गेले, दिवसाचा उजेड तांबडा झाला, मग तपकिरी. हमीरजींनी मला खाटेखाली बसवलं, तोंडाला ओलं फडकं बांधलं. वारा दोन तास होता. उतरल्यावर त्यांनी पेट्रोमॅक्स पेटवून टेकाडावरच्या खांबाला टांगली आणि मला समजावलं की अंधारात उंट नेऊन काही सापडणार नाही, वाटेच्या खुणाही बुजल्यात, उजाडताच निघतो. तेही बरोबरच होतं. त्या दिवसात जो तो बरोबरच वागत होता.

दिवस उगवताना हमीरजी दोन्ही उंट घेऊन गेले. आठच्या सुमारास मी टेकाडावर चढले. पश्चिमेला काळ्या धुराची एक सरळ रेघ वर गेली होती. टायरचा धूर! मला इतका आनंद झाला की मी धावत खाली आले. धूर आहे म्हणजे ते दोघं गाडीपाशी बसलेत. तातोबांचं पुराण कामी आलं. मी चार माणसांच्या चहाचं आधण ठेवलं, कणीक भिजवली, यांचा धुतलेला सदरा बाजेवर काढून ठेवला.

दोन वाजता उंट आले. पुढच्या उंटावर हमीरजी होते, मागच्यावर तातोबा. मी त्यांच्याही मागं बघत राहिले.

तातोबा उतरले आणि माझ्यासमोर उभे राहिले. ओठ फुटलेले होते, पण माणूस धड होता. "वैनी, सायब आलं न्हाईत? हितं पोचलं न्हाईत?"

जीपचा आख मोडला होता, दुपारी दोनला. चारपर्यंत हे गाडीच्या सावलीत बसले. मग एक छागल खांद्याला लावून निघाले. अकरा मैल तर आहे, दिवस मावळायच्या जरा मागंपुढं पोचतो, म्हणाले.

"म्या लय अडवलं," तातोबा म्हणाले. "हात धरला. पाया पडायचं तेवढं ऱ्हायलं."

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. उंटाच्या खोगिराला पाण्याचा डबा टांगलेला होता आणि उंट हलला की आतलं पाणी डचमळत होतं. मी त्या डब्याकडं बघत होते.

तिसऱ्या दिवशी हे सापडले. तळाच्या पुढं, पूर्वेला, दीड मैलावर. आंधीत ते तंबूच्या जवळूनच पुढं निघून गेले होते. त्याबद्दल एवढंच.

जोधपूरला चौकशी झाली. गावाकडून माझा सख्खा भाऊ मला न्यायला आला होता, तो बाहेर बसला. आतल्या साहेबांनी तातोबांना सरकारी टायर का जाळला हेही विचारलं. मग मला विचारलं. आवाज मऊ होता त्यांचा. "ड्रायव्हरनं साहेबांना थांबवायचा प्रयत्न केला होता का? आपल्याला काही माहीत आहे?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी सही केली. बाहेर येताना तातोबा बाकावर बसलेले होते, टोपी हातात. ते उठून उभे राहिले. मी पदर पुढं ओढून निघून गेले.

मला माहीत होतं. तळावर त्यांनी मला सांगितलंच होतं. त्यांनी अडवलं होतं असं मी म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता: मग साहेब का निघाले? त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या एकटीजवळ होतं, निदान मला तसं वाटत होतं. म्हणून मी एका माणसावर सगळं ढकललं आणि वर त्याचाच राग धरला. राग होताच. खरा होता. तो जिवंत आला आणि पाणी शिल्लक ठेवून आला, याचा.

सांगलीला सासऱ्यांनी मला शिकवलं. मी शिक्षिका झाले, माधवनगरच्या एका शाळेत लागले. गिरणीचा भोंगा झाला की मुलं दप्तर आवरायची. मी वर्गात पाटीवर लिहायला सांगायची नाही, वहीच आणा म्हणायची. हेडमास्तरांना ते शिस्तीचं वाटायचं.

शिकणं धरून तीन वर्षं अशी गेली. एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत विट्याकडच्या एक बाई डबा खाता खाता गावच्या गोष्टी सांगत होत्या. त्यांच्या गावची निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात, हिंदुस्थानभर पसरलेली. कुठंही काही घडलं की गावात कळतं. "आमच्याकडं एक पलटणीतला ड्रायव्हर आहे," त्या म्हणाल्या. "राजस्थानात साहेबाला वाळूत मरायला सोडून स्वतः पाण्याचा डबा घेऊन बसला. जोधपूरला आमच्या गावची माणसं आहेत, त्यांनीच बातमी आणली. खात्यानं काढून टाकला. आता कोण त्याला गाडी देईना. एवढा पलटणीतला माणूस, खाली मान घालून जातो."

मी डबा तसाच झाकून ठेवला.

त्या रविवारी मी सकाळची एस.टी. धरली. वैशाखच होता. विट्यापासून पुढं दुसरी गाडी, मग फाट्यावरून थोडं चालणं. मी डोकं-कान बांधून घेतले होते आणि पिशवीत पाण्याची बाटली होती.

घराच्या दारात त्यांची बायको पारूबाई शेंगा फोडत बसली होती. मी नाव सांगितल्यावर तिचा हात थांबला. "आता काय घिऊन आलासा?" तिनं विचारलं. "पलटनीत ह्यास्नी बक्षीस मिळालं हुतं. आन हितं लग्नाकार्याला कोन बलवत न्हाई. पारावर जाऊन बसलं तर मानसं उठून जात्यात."

"पारू, गप. पानी आन वैनीस्नी," आतून आवाज आला.

तातोबा बाहेर आले. मिशा पुरत्या पांढऱ्या झाल्या होत्या. मला वाटलं होतं, ते रागावतील. त्यांनी घोंगडं अंथरलं आणि विचारलं, "वैनी, उनाचं कशाला आलासा? सांजच्या गाडीनं यायचं."

"भाऊ, मी चौकशीत खोटं बोलले."

"आवं, त्या येळंला कुनाला काय सुदरतंय? पोरवय तुमचं."

"सुधरत होतं. हे का निघाले ते मला ठाऊक होतं. त्या सकाळी मीच यांना..."

"म्हाईत हाय," तातोबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"म्या छागला भरत हुतो न्हवं. समदं ऐकू आलं. आन निघताना सायब बी त्येच म्हनलं. तातोबा, तुमचं बरोबर आहे, पण ती वाट बघत असेल. म्या हात धरला. त्यांनी सोडवून घेतला. मी बी संगं जावं असं एक डाव मनात आलं. पर दोघं चुकलो तर सायब कंच्या अंगाला गेलं हे सांगाय कोन ऱ्हायलं असतं? म्हनून बसलो. बसल्यावर काय झालं मला, ते माझं मला म्हाईत."

"मग चौकशीत हे का सांगितलं नाही?"

"ते कागदावर आलं असतं. कागद तुमच्या सासरी गेला असता. मंग जलमभर तुमी त्या घरात कशा ऱ्हायला असता?" त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. "प्या. उनातनं आलासा."

मी पाणी प्यायले. पारूबाईच्या हातात शेंग तशीच होती. तिलाही हे नवीन असावं. ती नवऱ्याकडं बघत होती, तीन वर्षांचं सगळं एकदम दिसल्यासारखी.

परतीच्या गाडीला तातोबा मला सोडायला आले. दुपारची एक गाडी गावात येऊन पारापाशी थांबायची. लिंबाच्या सावलीत सात-आठ माणसं बसलेली. आम्ही आलो तशी बोलणी थांबली, आणि दोघं-तिघं टोप्या सारख्या करत उठायला लागले. तातोबा मुकाट्यानं बाजूला, उन्हात जाऊन उभे राहिले. त्यांना ती जागा सवयीची झाली होती.

मी पारासमोर गेले.

"मी त्या साहेबांची बायको," मी म्हटलं. "जे वारले ते माझे मालक. तातोबाभाऊंनी त्यांना अडवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही."

"वैनी, नगं," मागून तातोबा म्हणाले.

"त्यांनी ऐकलं नाही, कारण मी त्यांना लवकर यायचा शब्द मागितला होता. मला एकटं राहवत नव्हतं म्हणून. भाऊ गाडीपाशी बसले, तेच बरोबर होतं. हे बसले असते तर आज जिवंत असते. मी सरकारात खोटं सांगितलं आणि भाऊंनी माझ्यासाठी ते सोसलं. तुम्हाला कुणाला बोलायचं असेल तर मला बोला."

एका म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. मग पारावरचा एक म्हातारा जरा सरकला, खांद्यावरच्या पंचानं शेजारची जागा झटकली आणि म्हणाला, "तातोबा, हिकडं ये रं. उनात कशाला हुबा?"

तातोबा लगेच हलले नाहीत. उठलेली माणसं पुन्हा खाली बसली. मग ते आले आणि बसले, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडं बघत राहिले. कुणीतरी त्यांच्यापुढं तंबाखूची चंची धरली.

मी सांगलीला जाऊन खात्याला पत्र लिहिलं. माझी आधीची साक्ष खोटी असल्याचं कळवलं, खालती सही केली. उत्तर आलं नाही. तातोबांना पुढं गावच्याच एका बागायतदारानं ट्रॅक्टरवर ठेवलं, असं त्या बाईंकडून कळलं. सासऱ्यांना मी पत्राची प्रत वाचायला दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शाळेला उशीर होतोय तुला, जेवून घे." त्या घरात मी पुढंही राहिले.

पण मला आठवते ती त्या दिवसाची परतीची गाडी. खिडकीशी बसले होते. विटं मागं पडलं आणि मला रडू फुटलं. तीन वर्षांत मी रडले नव्हते. चौकशीत नाही, सांगलीच्या घरात पाय ठेवताना नाही, कधीच नाही. आता थांबेना. शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन. तिनं विचारलं, "कोन गेलं का वं, बाई?"

"माझे मालक."

"कवा?"

"तीन वर्षं झाली."

तिनं टोपली पायाशी ठेवली आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात खरखरीत होते, मातीचे. पुढचे सगळे थांबे गेले, माणसं चढली, उतरली, कंडक्टर दोनदा येऊन गेला, तिनं हात सोडला नाही. तासगावला ती उतरली. पुढं सांगलीपर्यंत ती जागा रिकामी होती, आणि मी तिथं कुणाला बसू दिलं नाही.